फायरमनला आग लावल्याची शिक्षा: अपील फक्त शिक्षेवर करावं की संपूर्ण निकालावर?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. माझ्या समजण्यात काही चुकत असेल तर सांगा.

तुमचा धाकटा भाऊ नगरपरिषदेच्या अग्निशमन दलात फायरमन होता. २०२२ मध्ये गावाबाहेरच्या, बंद पडलेल्या जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मिलच्या) शेडला रात्री आग लागली. त्याची ड्यूटी नव्हती, तरी वर्दी (आगीची खबर) आल्यावर बंबाच्याही आधी तो तिथे हजर होता आणि आग विझवायला सगळ्यांत पुढे होता. पुढे आग त्यानेच लावल्याचा गुन्हा दाखल झाला. कोणी दगावलं नाही, भाजलंही नाही. सत्र न्यायालयाने भारतीय दंड संहितेच्या कलम ४३६ खाली सात वर्षे सक्तमजुरी आणि पन्नास हजार रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी एक वर्ष कैद, अशी शिक्षा दिली. निकाल लागून तीन आठवडे झालेत. वकीलसाहेब म्हणतात, ‘गुन्हा तर शाबीत झालाच आहे, आता फक्त शिक्षा कमी करून मागू.’ तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: हे बरोबर आहे का, अपील केल्याने शिक्षा उलट वाढेल का, आणि नोकरीचं काय.

निकालपत्र मी पाहिलेलं नाही, साक्षीपुरावे वाचलेले नाहीत. त्यामुळे ‘इतकी शिक्षा कमी होईल’ असा आकडा मी देणार नाही, आणि कोणी देत असेल तर जरा जपूनच राहा. पण हायकोर्टात फौजदारी अपिलं चालवताना असल्या प्रकरणात काय पाहिलं जातं, ते सविस्तर सांगता येईल.

‘फक्त शिक्षेवर’ अपील याचा सरळ अर्थ असा की दोषसिद्धी, म्हणजे गुन्हा शाबीत झाल्याचा निष्कर्ष, तुम्ही मान्य केली. ती एकदा कोर्टापुढे सोडून दिली की पुन्हा हातात घेणं फार कठीण. आणि हा निर्णय तुम्हाला आज घ्यायचाच नाही. अपिलाच्या मेमोत (अर्जात) दोन्ही मागण्या एकत्र करता येतात: मुख्य मागणी दोषसिद्धी रद्द करण्याची, पर्यायी मागणी कलम बदलण्याची किंवा शिक्षा कमी करण्याची. पुढे रेकॉर्ड येतं, पेपर बुक (खटल्याच्या कागदांचा संच) तयार होतं, नवा माणूस ताज्या नजरेने सगळ्या साक्षी वाचतो. त्यानंतर अंतिम सुनावणीच्या वेळी ‘दोषसिद्धीवर जोर देत नाही’ असं सांगण्याचा मार्ग मोकळाच असतो. ‘निर्दोष म्हणून भांडलो तर पश्चात्ताप नाही असं कोर्टाला वाटेल’ ही भीती अनेक कुटुंबांना असते. हायकोर्टात पर्यायी युक्तिवाद रोज होतात. त्यावरून कोणी आरोपीला निगरगट्ट ठरवत नाही.

याला एक अपवाद आहे. तुमच्या भावाने खटल्यात गुन्हा स्वतःहून कबूल केला असेल, तर कायद्यानेच अपील फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतं उरतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३७५ होतं, तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४१६. तुमच्या लिहिण्यावरून खटला पूर्ण चाललेला दिसतो. तरी वकिलांना विचारून खात्री करा.

आता माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. शिक्षा कमी करून घेण्याचा सर्वांत भक्कम मार्ग दयेच्या विनंतीतून जात नाही, तो कलमातून जातो.

मालमत्तेला आग लावण्याची दोन मुख्य कलमं दंड संहितेत होती. ४३५ मध्ये शंभर रुपये किंवा त्याहून जास्त नुकसान करण्याच्या इराद्याने (शेतीमाल असेल तर दहा रुपये) आगीने केलेली आगळीक (दुसऱ्याच्या मालमत्तेची जाणूनबुजून नासधूस) येते. त्याला जास्तीत जास्त सात वर्षे. ४३६ मध्ये इमारत नष्ट करण्याचा इरादा किंवा तसं होण्याची जाणीव लागते, पण कुठलीही इमारत चालत नाही. ती एरवी उपासनेसाठी, माणसांच्या राहण्यासाठी किंवा मालमत्ता सांभाळून ठेवण्यासाठी वापरली जाणारी असावी लागते. त्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत. दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय न्याय संहितेत हे दोन्ही प्रकार कलम ३२६ च्या पोटात आलेत, पण तुमच्याकडची घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असल्याने गुन्हा आणि शिक्षा जुन्या कायद्यानेच मोजली जाईल. कार्यपद्धतीची कलमं मात्र नव्या संहितेची दिसतील. गोंधळू नका.

आता ‘एरवी वापरली जाणारी’ या शब्दांपाशी थांबा. जिनिंग कधीपासून बंद होती? शेडमध्ये काय होतं? घटनास्थळाचा पंचनामा काढा आणि ओळ न् ओळ वाचा. ‘मोडकी यंत्रं, जुना बारदाना, पत्रे उडालेले, दाराला कुलूप नाही’ असं काही लिहिलेलं असेल तर ही इमारत माल सांभाळण्याची जागा उरली होती का, हा प्रश्न खरा आहे. मालकाच्या उलटतपासणीत ‘मिल अमुक सालापासून बंद आहे, वीज तोडलेली आहे’ असं आलंय का ते पाहा. याउलट, मालक म्हणत असेल की कापसाच्या गाठी किंवा सरकी तिथे ठेवत होतो, स्टॉक रजिस्टर दाखल असेल, किंवा रखवालदार तिथल्याच खोलीत झोपत असेल, तर ४३६ चं पारडं जड होतं. सरकारी वकील बारदान्यालाही ‘मालमत्ता’ म्हणणार, आणि त्यांचंही म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. म्हणून साक्षीतले नेमके शब्द लागतात.

दुसरी बाजू आगीच्या उगमाची. आग शेडच्या आत पेटवली, की बाहेर भिंतीलगतच्या गवताला? बाहेर असेल तर ‘इमारत नष्ट करण्याचा इरादा’ हा वादाचा मुद्दा होतो. फक्त इथे भावाचं प्रशिक्षण उलटतं. वाऱ्याची दिशा, वाळलेलं गवत, छताच्या लाकडी कैच्या, यातून आग कशी चढते हे सामान्य माणसाला कळलं नाही असं म्हणता येईल, फायरमनला नाही. हा मुद्दा उचलायचा तर हे उत्तर आधी तयार ठेवून उचलावा.

कलम ४३६ चं ४३५ झालं तर काय फरक पडतो? कमाल शिक्षाच सात वर्षांवर येते, म्हणजे आज दिलेली शिक्षा थेट छताला टेकते. पहिलाच गुन्हा आणि मनुष्यहानी नाही, अशा वेळी कमाल शिक्षा टिकवणं कोर्टाला जड जातं. शिवाय एक दार उघडतं जे ४३६ मध्ये बंदच असतं. गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ प्रमाणे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येतं, पण ज्या गुन्ह्याला मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकते त्याला हे कलम लागत नाही. ४३६ ला जन्मठेप होऊ शकते, म्हणून परिवीक्षेचा प्रश्नच येत नाही. ४३५ ला निदान मागणी तरी करता येते. फायरमनच्या बाबतीत ती मान्य होईलच असं नाही, मला स्वतःला ते अवघडच वाटतं. पण न मागण्याचं कारण नाही.

ज्या पुराव्यावर दोषसिद्धी झाली, त्यात आरोपी फायरमन असल्यामुळे काही खास गोष्टी असतात. दिवाणी आणि फौजदारी दोन्ही करणाऱ्या वकिलांच्या त्या नजरेतून सुटू शकतात.

एक म्हणजे कपडे. ‘आरोपीच्या कपड्यांवर काजळी आणि ज्वलनशील द्रवाचे अंश मिळाले’ हे सामान्य माणसाविरुद्ध बोलकं असतं. जो माणूस त्याच रात्री ती आग विझवत होता, त्याच्या कपड्यांना काजळी असणारच. पेट्रोल-डिझेलचे अंश बंबाच्या पंपावर काम करूनही लागतात. मग बघायचं ते हे: कपडे कधी जप्त झाले, घटनास्थळाचे नमुने हवाबंद डब्यात घेतले की साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, लाख-सील होतं का, प्रयोगशाळेत पोहोचायला किती दिवस लागले. हे द्रव उडून जाणारे असतात. सैल झाकणाच्या बरणीत महिनाभर पडलेल्या नमुन्यात काही न मिळणं किंवा एकाचं दुसऱ्याला लागणं, दोन्ही शक्य असतं.

दुसरं, हजेरी. ‘तो सगळ्यांच्या आधी कसा पोहोचला?’ हा सरकारचा लाडका प्रश्न. वॉचरूमच्या वर्दी नोंदवहीत वर्दीची वेळ काय, फोन कोणाचा, बंब किती वाजता निघाला, भावाला कोणी कळवलं, त्याच्या मोबाइलवर कॉल आहे का, या वेळा एका कागदावर मांडा. कधीकधी दहा मिनिटांचा फरक सगळी गोष्ट बदलतो. कधी उलटही होतं आणि तो कागद तुमच्याच अंगावर येतो. तरी तो आधी आपण बघितलेला बरा.

तिसरं, आणि यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवतो: कबुली कोणाजवळ दिली. पोलिसांजवळची कबुली पुराव्यात चालत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. पण केंद्र अधिकारी किंवा मुख्य अग्निशमन अधिकारी म्हणजे पोलीस नव्हे. भावाने ‘साहेब, माझ्याकडून झालं’ असं त्यांच्यापाशी म्हटल्याचं साक्षीत आलं असेल, तर ती न्यायालयाबाहेरची कबुली म्हणून वाचली जाऊ शकते. असा पुरावा कोर्टं कमकुवतच मानतात आणि त्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार शोधतात. साहेबांच्या केबिनमध्ये त्या वेळी पोलीस बसले होते का? खातेनिहाय चौकशीत ‘लिहून दे, नाहीतर नोकरी जाईल’ असं कोणी म्हटलं का? धाक किंवा आमिष दाखवून, अधिकार असलेल्या माणसाने घेतलेली कबुली टिकत नाही. खात्याच्या चौकशीचा अहवाल आणि फौजदारी खटल्याचा पुरावा यांची मापं वेगळी आहेत, हेही ध्यानात ठेवा. चौकशीत ‘दोषी’ ठरला म्हणून कोर्टात गुन्हा शाबीत होत नाही.

आग लावताना कोणी पाहिलेलं नसेल आणि सगळं परिस्थितिजन्य पुराव्यावर उभं असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात घालून दिलेली कसोटी लागते. प्रत्येक दुवा पक्का शाबीत झालेला हवा, आणि सगळे मिळून आरोपीच्या दोषाखेरीज दुसरा कुठलाही तर्क उरता कामा नये. फक्त शिक्षेवर अपील करायचं ठरवलंत, तर हे सगळं वाचायच्या आधीच गमावून बसाल. म्हणून वकीलसाहेबांच्या सल्ल्याशी मी आत्ताच्या घडीला सहमत नाही. रेकॉर्ड वाचून ते पुन्हा तेच म्हणाले तर गोष्ट वेगळी.

समजा दोषसिद्धी टिकली आणि कलमही टिकलं, तर मग शिक्षेचा प्रश्न. आपल्याकडे शिक्षा ठरवण्याचं लेखी कोष्टक नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सोमन विरुद्ध केरळ राज्य या निकालात स्वतःच म्हटलंय की शिक्षा ठरवणं हा आपल्या फौजदारी न्यायाचा सर्वांत कच्चा भाग आहे. ४३६ ला किमान शिक्षा नाही. म्हणजे तत्त्वतः कोर्ट कितीही खाली येऊ शकतं, पण खाली येण्यासाठी त्याला कारण हवं, आणि ते कागदावर हवं.

निकालपत्राची शेवटची दोन-तीन पानं उघडा. दोषी ठरवल्यानंतर शिक्षेवर आरोपीचं म्हणणं ऐकणं सत्र न्यायाधीशांवर बंधनकारक असतं (जुनं कलम २३५(२), नवं २५८(२)). खूपदा हे त्याच दुपारी उरकतं आणि निकालात एवढंच येतं: ‘आरोपीने घरची जबाबदारी असल्याचे सांगून दया मागितली. तथापि आरोपी अग्निशमन सेवेत असूनही त्याने असे कृत्य केल्याने दया दाखवता येणार नाही.’ तुमच्याकडे असंच असेल तर युक्तिवादाला जागा आहे. सेवा, वय, पूर्वेतिहास, नुकसानीचं प्रमाण, कोणाच्या जिवाला धोका होता की नव्हता, यांतलं काहीच तोललेलं नाही, एकाच गोष्टीवर शिक्षा उभी केली आहे, असं म्हणता येतं.

पण त्या एका गोष्टीला वळसा घालता येणार नाही. आग विझवण्यासाठी पगार घेणारा माणूस आग लावतो, तेव्हा लोकांचा विश्वास मोडतो, सहकाऱ्यांचे जीव धोक्यात येतात, आणि आगीचं ज्ञान हत्यार म्हणून वापरलं जातं. हे तिन्ही मुद्दे सरकारी वकील मांडणार आणि न्यायमूर्तींना ते पटणार. मी पाहिलेल्या कच्च्या युक्तिवादांत वकील वर्दीच, म्हणजे तो फायरमन असल्याचंच, लपवतात: ‘तरुण आहे, गरीब आहे, म्हातारे आईवडील आहेत.’ हे प्रत्येक अपिलात असतं, न्यायमूर्तींच्या कानांना त्याची सवय झालेली असते. त्यापेक्षा वर्दी स्वतःच समोर ठेवावी. त्याचं सेवापुस्तक मागवा. किती वर्षं नोकरी, पुरात-इमारत कोसळण्यात किती काम, प्रशस्तिपत्रक, एखादा जखमी झाल्याचा दाखला, शिस्तभंगाची नोंद आहे की नाही. त्या रात्री तो विझवायला पुढे होता, हे दुधारी आहे. सरकार म्हणेल शौर्य मिरवण्यासाठीच लावली. आपण म्हणू शकतो की कोणाला इजा होऊ नये याची धडपड तरी दिसते, आणि जागा निवडली ती वस्तीपासून लांबची, रिकामी.

‘हिरो बनायची हौस’ हा शिक्का अशा आरोपींवर पटकन बसतो. जगात अशी प्रकरणं झालीत हे खरं आहे. कॅलिफोर्नियातला जॉन ऑर हा तर ग्लेंडेलच्या अग्निशमन दलात कॅप्टन आणि आगींचा तपास करणारा अधिकारी होता. १९८४ मधल्या दुकानाच्या आगीत चार माणसं गेली, त्यासाठी १९९८ मध्ये त्याला दोषी ठरवून सुटकेची आशा नसलेली जन्मठेप झाली. त्याच्या नावावर कितीतरी आगी होत्या. एक रिकामी शेड, एकच घटना आणि शून्य मनुष्यहानी हे प्रकरण त्याच रांगेत बसवू देऊ नका. तुमच्या निकालात हेतूबद्दल काय पुरावा आहे, तेवढंच बघा. काही नसेल तर ‘हेतू शाबीत नाही’ हे ठासून मांडायला हवं.

मानसिक आजाराचा मुद्दा तुम्ही ओझरता लिहिलाय, की त्या काळात तो झोपत नव्हता आणि एका अपघातात मुलांचे मृतदेह काढल्यापासून बदलला होता. इथे अत्यंत जपून. कायद्याने गुन्ह्यातून सुटण्यासाठी जे वेडेपण लागतं (कलम ८४), त्यात कृत्याचं स्वरूप किंवा ते चूक आहे हेच कळत नव्हतं, इथवर जावं लागतं. झोप न येणं, भीती, चिडचिड यांनी तिथे पोहोचता येत नाही. शिक्षा कमी करायला मात्र हे सांगता येतं. फक्त काय सांगताय ते पाहा. ‘त्याला आग लावायची ऊर्मी यायची’ असं डॉक्टरने लिहून दिलं, तर एक म्हणजे गुन्हा कबूल झाला, आणि दुसरं म्हणजे हा पुन्हा तेच करेल असं आपणच कोर्टाला सांगितलं. ‘कर्तव्यावरच्या आघातामुळे उपचार चालू होते, आता नियमित औषध आणि समुपदेशन चालू आहे’ हा त्याच माणसाचा दुसरा, खरा असल्यास उपयोगी, चेहरा आहे. त्या काळातले सरकारी रुग्णालयाचे जुने केसपेपर असतील तर सोनं समजा. निकालानंतर घाईने आणलेल्या खासगी दाखल्याला तेवढं वजन नसतं. नवा कागद अपिलात आणायचा तर त्यासाठी वेगळा अर्ज लागतो (जुनं ३९१, नवं ४३२) आणि तो मंजूर करणं न करणं कोर्टाच्या हातात असतं.

नुकसानभरपाईचाही विचार करा. मिलमालकाला झालेलं नुकसान भरून द्यायची तयारी हा शिक्षेच्या बाजूने उपयोगी पडणारा मुद्दा आहे. मात्र मुख्य युक्तिवाद ‘मी लावलीच नाही’ असा असताना रक्कम कशी देऊ करायची, हे शब्द वकिलांनी जोखून लिहायला हवेत.

आता तुमची भीती: शिक्षा वाढेल का? आरोपीच्या स्वतःच्या अपिलात कोर्ट शिक्षा वाढवू शकत नाही. ते कलमातच लिहिलंय (जुनं ३८६, नवं ४२७). वाढ होऊ शकते ती दुसऱ्या वाटांनी. राज्य सरकारने ‘शिक्षा अपुरी आहे’ म्हणून स्वतंत्र अपील केलं (जुनं ३७७, नवं ४१८) तर, किंवा हायकोर्टाने पुनरीक्षणाच्या (खालच्या कोर्टाचा निकाल स्वतः तपासण्याच्या) अधिकारात, तुम्हाला नोटीस देऊन, स्वतः दखल घेतली तर. हे नुसतं कागदावरचं नाही. मुंबईत गाडीखाली माणसं चिरडल्याच्या अ‍ॅलिस्टर परेरा प्रकरणात खालच्या कोर्टाने सहा महिने दिले होते, हायकोर्टाने ते तीन वर्षांवर नेले, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं. तुमच्याकडे मुळात सात वर्षे दिलेली आहेत, त्यामुळे सरकार वाढीसाठी येईल असं मला फारसं वाटत नाही. आलंच, तर त्याच अपिलात तुम्हाला निर्दोष सोडण्याची किंवा शिक्षा कमी करण्याची मागणी करता येते. मिलमालकाला मात्र ‘शिक्षा कमी दिली’ एवढ्याच कारणाने अपील करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते स्पष्ट केलंय. म्हणून भीतीने अपील टाळू नका.

जामिनाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण घरच्यांसाठी रोजचा प्रश्न तोच असतो. अपिलाबरोबर शिक्षा स्थगित करून जामीन द्यावा असा अर्ज करायचा (जुनं ३८९, नवं ४३०). शिक्षा देणाऱ्या कोर्टाला स्वतः जामीन देता येतो तो साधारण तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेत, त्यामुळे तुम्हाला हायकोर्टातच जावं लागेल. ४३६ ला जन्मठेपेची तरतूद असल्याने सरकारी वकिलांना लेखी कारण दाखवायची संधी द्यावी लागते, म्हणजे पहिल्याच तारखेला सुटका होईल अशी आशा नको. पण ठरावीक मुदतीची शिक्षा असेल तर स्थगितीचा विचार उदारपणे व्हावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये भगवान रामा शिंदे गोसाई प्रकरणात म्हटलंय. अपील लवकर ऐकता येणार नसेल तर माणसाला आत डांबून ठेवणं अन्यायाचं, हे १९७७ च्या काश्मिरा सिंग निकालापासून चालत आलंय. खटल्यादरम्यान तो जामिनावर होता का, तारखांना हजर राहिला का, साक्षीदारांना त्रास दिला का, याची नोंद इथे कामाला येते. जामीन नाही मिळाला, तर अपील लवकर ऐकण्याचा अर्ज तरी नक्की करा. नाहीतर शिक्षा भोगून होते आणि अपील बोर्डावरच (सुनावणीच्या यादीतच) असतं.

दंडाबद्दल दोन वाक्यं. दंड न भरल्यास असलेलं ते एक वर्ष मूळ शिक्षेत विरघळत नाही, नंतर वेगळं भोगावं लागतं. तेव्हा स्थगितीच्या अर्जात दंडाचंही मागा, आणि रक्कम भरणं जमत असेल तर वकिलांना विचारून भरून टाका. अटकेनंतर, निकालाआधी जेवढे दिवस तो कोठडीत होता ते सात वर्षांतून वजा व्हायला हवेत (जुनं ४२८, नवं ४६८). निकालात तसा उल्लेख आहे का तेही पाहा.

नोकरी. इथे मला कडू बोलावं लागेल. शिक्षा स्थगित होणं म्हणजे दोषसिद्धी स्थगित होणं नव्हे. शिक्षेला स्थगिती असतानाही दोषसिद्धीच्या आधारावर खातं कर्मचाऱ्याला काढू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये नागूर मीरा प्रकरणात सांगितलंय. दोषसिद्धीलाच स्थगिती मागता येते, पण ती अपवादात्मक. ‘नोकरी जाईल’ एवढं कारण पुरत नाही, आणि आग लावल्याचा दोष असलेल्या फायरमनला ती मिळेल असं मला खरंच वाटत नाही. उद्या कलम बदलून परिवीक्षेवर सुटला तरी बडतर्फी आपोआप पुसली जात नाही. पूर्ण निर्दोष सुटला तर सेवेत परत घेण्याची मागणी भक्कम होते, पण तीही आपोआप नाही. निर्दोषत्व कोणत्या कारणाने, पुराव्याअभावी की आरोपच खोटा ठरून, हे खातं बघतं. त्याला नगरपरिषदेचे की राज्य संवर्गाचे नियम लागतात, हे नेमणूक आदेशावरून कळेल. तो कागद सेवाविषयक वकिलाला दाखवा. फौजदारी वकिलाकडूनच हेही करून घेऊ नका.

आणि हे सगळं मुदतीत. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात अपिलाला साठ दिवस आहेत. तीन आठवडे गेलेत. निकालाची प्रत आरोपीला विनामूल्य मिळायला हवी. ती मिळाली नसेल तर आजच अर्ज करा, नक्कल मिळण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळले जातात. उशीर झालाच तर कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो, आणि आत असलेल्या माणसाच्या बाबतीत कोर्टं फार ताणत नाहीत. तरी त्या भरवशावर राहू नका. वकीलपत्रावर भावाची सही तुरुंगात घ्यावी लागते आणि त्यावर तुरुंगाधिकाऱ्यांचा शिक्का लागतो, त्यात दोन-चार दिवस सहज जातात. वकिलाची फी झेपत नसेल तर कोठडीतल्या प्रत्येक माणसाला उत्पन्न न बघता मोफत विधी सेवा मिळते. तुमचा जिल्हा ज्या खंडपीठाखाली येतो तिथल्या उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे अर्ज जातो, किंवा भाऊ तुरुंगातूनच अपील पाठवू शकतो. तुरुंगातून पाठवलेल्या अपिलाची मुदत तुरुंगाधिकाऱ्यांकडे दिल्याच्या तारखेवर पाहिली जाते, म्हणून ते देताना पोच घ्यायला सांगा.

निकालाची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, मालकाची आणि केंद्र अधिकाऱ्याची साक्ष, आणि रासायनिक पृथक्करणाचा अहवाल. एवढे कागद हातात आले की नावं झाकून त्यातला मजकूर कळवा. ४३६ की ४३५, यावर मग जास्त नेमकं बोलता येईल.